पोथ्यांतून पिकांचा माग काढणारे प. कृ. गोडे

कोथरूड : येथील भाजीबाजारात आणि ठिकठिकाणच्या शेतकरी बाजारांत गावरान हा शब्द अलीकडे फार चालतो. गावरान लसूण, गावरान वांगी, गावरान कोथिंबीर आणि त्यांच्याच रांगेत गावरान टोमॅटो. पाटीवर हा शब्द लिहिलेला असला की चार पैसे अधिक मोजण्यास गिऱ्हाईक तयार होते. त्यामागे भाव असा की हे वाण इथल्या मातीतले, आजी-पणजीच्या परसातले, अस्सल आहे. लसणाच्या आणि वांग्याच्या बाबतीत या समजुतीला काही आधार आहे. टोमॅटोच्या बाबतीत मात्र पणजीच्या मागे गेले की वाट अडते.

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील पेरू व इक्वेडोर या देशांतले. तो लागवडीत स्थिरावला मेक्सिकोत. तेथील नाहुआतल भाषेतील तोमात्ल या शब्दावरून त्याचे नाव जगभर गेले. युरोपात इटालियन वनस्पतिज्ञ मात्तिओली यांनी १५४४ साली त्याचा उल्लेख केला. भारतात तो पोर्तुगीजांच्या येण्यानंतर केव्हातरी आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज वॉट यांनी सिद्ध केलेल्या आर्थिक उत्पादनांच्या कोशातही तो मुख्यतः साहेबांसाठी पिकवले जाणारे फळ म्हणूनच येतो. मराठीत त्याला वेलवांगी म्हणत, विदर्भात भेदरे. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा रुबी हे गाजलेले वाण काढले, ते सू नावाचे अमेरिकी वाण आणि मेरठच्या नावाने ओळखले जाणारे इम्प्रूव्हड मीरुती हे वाण यांच्या संकरातून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने धनश्री, भाग्यश्री ही वाणे दिली. नारायणगावच्या बाजारातून आज टोमॅटोचे ट्रक देशभर जातात. हा सारा इतिहास दोन-तीन पिढ्यांत मावणारा आहे.

एखाद्या पिकाचे, पदार्थाचे किंवा दागिन्याचे कूळ घरच्या आठवणीवर न ठरवता तारखेच्या कागदावर ठरवावे, असा आग्रह धरून एका विद्वानाने आपले आयुष्य पुण्यात वेचले. पौड रस्त्यावरून टेकडीकडे पाहिले तर तिच्या अलीकडे कोथरूड आणि पलीकडे लॉ कॉलेज रस्ता. त्या रस्त्यावरील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून सुमारे चार दशके अभिरक्षक म्हणून काम करणारे परशुराम कृष्ण गोडे हे ते विद्वान. जिलबी, ज्वारी, मका, तंबाखू, हरभरा, नथ, रांगोळी, शोभेची दारू, साबण अशा ज्या वस्तूंकडे पंडितांनी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्यांच्या जन्मतिथी त्यांनी संस्कृत पोथ्यांतून हुडकल्या. विद्वज्जगतात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ज्यांच्या ताटातील पदार्थांचा इतिहास त्यांनी लिहिला, त्या सामान्य पुणेकराला मात्र ते फारसे परिचित नाहीत.

देवरुखहून पुण्यास

गोडे यांचा जन्म ११ जुलै १८९१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे झाला. कोकणातील हुशार मुलाने शिक्षणासाठी घाट चढावा आणि पुण्यास स्थायिक व्हावे, हा त्या काळचा शिरस्ताच होता. एम.ए. झाल्यावर ते ज्या संस्थेत रुजू झाले, ती तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, तिची स्थापना झाली होती. मुंबई सरकारने १८६६ पासून बुल्हर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटरसन अशा विद्वानांकरवी गावोगाव हिंडून हजारो हस्तलिखिते मिळवली होती. डेक्कन कॉलेजात ठेवलेला हा संग्रह १९१८ साली या नव्या संस्थेकडे सोपवण्यात आला आणि त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी पुढच्याच वर्षी तिशीही न गाठलेल्या गोडे यांच्यावर आली.

अभिरक्षकाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला किल्ल्या सांभाळण्याचे वाटते. प्रत्यक्षात पोथी येते ती बहुधा नाव नसलेली, पाने पुढेमागे झालेली, कधी पहिले पान गळालेले तर कधी शेवटचे. तिची लांबी-रुंदी, पानांची संख्या, दर पानावरील ओळी, अक्षराचे वळण, कागदाची अवस्था, आरंभ आणि शेवट हे सारे टिपून वर्णनात्मक सूची करावी लागते. अलंकार, संगीत आणि नाट्य, तसेच काव्य आणि नाटक या विषयांतील हस्तलिखितांच्या सूचींचे खंड गोडे यांनी स्वतः सिद्ध केले. ते वाचनीय नाहीत आणि तसे असण्याची अपेक्षाही नाही. पण हजारो पोथ्यांची शेवटची पाने अशा रीतीने डोळ्यांखालून गेली, म्हणूनच पुढचे गोडे घडले.

पोथीच्या शेवटच्या पानावर पुष्पिका असते. ग्रंथ कोणी रचला, नक्कल कोणी केली, कोणासाठी केली, कोणत्या गावी आणि कोणत्या तिथीला पुरी झाली, हे तिथे लिहिलेले असते. शके १५९७ असे असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन १६७५ मिळतो. विक्रम संवत असेल तर सत्तावन्न वजा करावे लागतात. अनेकदा अंक शब्दांत दडवलेले असतात. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, आणि वाचायचे उजवीकडून डावीकडे. संवत्सराचे नाव, तिथी आणि वार दिलेले असतील तर ते एकमेकांशी जुळतात की नाही हे पंचांगाच्या कोष्टकांवरून पडताळता येते. जुळले नाही तर लेखक चुकला, नकलाकार चुकला की कोणी मुद्दाम तारीख मागे ढकलली, हा प्रश्न उभा राहतो. गोडे यांची खरी मुशाफिरी या प्रश्नांत होती.

दोन मर्यादांमधली जागा

पुष्पिका नसेल तेव्हा गोडे दुसरी वाट धरत. ग्रंथकाराने आपल्या ग्रंथात ज्यांचे उतारे घेतले आहेत, त्यांतील सर्वांत अलीकडचा लेखक कोणता, हे पाहायचे. ग्रंथ त्याच्या आधीचा असू शकत नाही. मग या ग्रंथाचा उल्लेख ज्यांनी केला आहे, त्यांतील सर्वांत जुना लेखक कोणता, किंवा या ग्रंथाची सर्वांत जुनी तारीखवार नक्कल कोणती, हे पाहायचे. ग्रंथ त्याच्या नंतरचा असू शकत नाही. या दोन मर्यादांच्या मधल्या जागेत ग्रंथाचा जन्म. ही जागा कधी पंचवीस वर्षांची निघे, कधी दोनशे वर्षांची. जेवढी निघेल तेवढीच सांगायची, ओढूनताणून ती आवळायची नाही, असा त्यांचा नेम होता. त्यांच्या कितीतरी निबंधांच्या शीर्षकांतच अमुक साल ते तमुक साल यांच्या दरम्यान असा शब्दप्रयोग आढळतो. बहुतेक लेखांना त्यांनी टिपणे एवढेच विनम्र नाव दिले.

ज्यांना प्राचीनतेचा निर्वाळा हवा असे, त्यांना ही रीत फारशी मानवणारी नव्हती. तो काळ स्वातंत्र्यचळवळीचा. आपल्याकडे सारे काही पूर्वीपासून होते, हे दाखवण्याची हौस सुशिक्षितांत जोरात होती आणि तिला कारणेही होती. गोडे यांनी या हौसेशी वाद घातला नाही. त्यांनी फक्त पाने उलटली आणि ज्या पानावर वस्तूचा पहिला उल्लेख सापडला, त्याची तारीख दिली.

जिलबीचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. जिलबीला अस्सल भारतीय पक्वान्न मानणाऱ्यांची संख्या तेव्हाही मोठी होती. गोडे यांनी १९४३ च्या सुमारास भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या लेखात तिचा माग काढला. इसवी सन १४५० च्या सुमारास जिनसूर या जैन लेखकाने रचलेल्या ‘प्रियंकरनृपकथा’ या ग्रंथात एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरच्या मेजवानीच्या वर्णनात जिलबी आढळते. इसवी सन १६०० पूर्वीच्या ‘गुण्यगुणबोधिनी’ या संस्कृत पद्यग्रंथात तिची कृतीही येते आणि ती आजच्या हलवायाच्या कृतीशी मिळतीजुळती आहे. नाव मात्र अरबी झलाबिया आणि फारसी झुलबिया यांच्या कुळातले. दहाव्या शतकात बगदादेत लिहिल्या गेलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथात झलाबियाच्या कृती आहेत. म्हणजे पदार्थ पश्चिमेकडून आला, पंधराव्या शतकाच्या मध्यास गुजरात-राजस्थानकडच्या जैन घरांत मानाने वाढला जाऊ लागला आणि त्यानंतर शे-दीडशे वर्षांत संस्कृत श्लोकांत जाऊन बसला. आज कोणत्याही भाषेत जिलबीच्या इतिहासावर लेख आला की त्यात ही तारीख असते. ती कोणी शोधली हे बहुधा नसते.

याच संदर्भात त्यांनी ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथाला उजेडात आणले. रघुनाथ नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताचा हा ग्रंथ धान्ये, भाज्या, फळे, पक्वान्ने, त्यांचे गुणदोष आणि भोजनाचे नियम यांचे भांडारच आहे. गोडे यांनी त्याचा काळ १६७५ ते १७०० असा ठरवला आणि रघुनाथ हे तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास होते, हे दाखवून दिले. शिवकालाच्या अखेरीस मराठी माणूस काय जेवत होता, हे सांगणारा साक्षीदार असा हाती लागला. ग्रंथाचा काही भाग १९५६ साली त्रिवेंद्रमहून छापला गेला.

तंबाखूची साक्ष

तंबाखूचा तपास अधिक गमतीचा आहे. ही वनस्पतीही अमेरिकेतली. अकबराच्या दरबारातील असद बेग याने १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून तंबाखू आणि चिलमीचा सरंजाम बादशहासमोर आणल्याची हकीकत त्याच्याच लेखणीतून उपलब्ध आहे. १६१७ साली जहांगीराने तिच्यावर बंदी घातली, ती कोणी पाळल्याचे दिसत नाही. गोडे यांनी १६०० नंतरच्या संस्कृत ग्रंथांतील तंबाखूचे उल्लेख एकत्र केले. पंडित, वैद्य आणि धर्मशास्त्री या तिघांनाही या नव्या पाहुण्याची दखल घेणे भाग पडले होते. वैद्य तिचे गुणदोष सांगत होते आणि कवी तिच्यावर कोट्या करत होते.

या ठिकाणी गोडे यांच्या पद्धतीतील खरी बारीक कळ दिसते. ‘योगरत्नाकर’ हा वैद्यांच्या नित्य वापरातील मोठा ग्रंथ. लेखकाचे नाव नाही, काळ दिलेला नाही. त्यात तंबाखू आहे. म्हणजे तंबाखू येथे पोहोचण्यापूर्वी तो लिहिला गेला नसणार. इतर पुराव्यांशी जुळवून गोडे यांनी त्याचा काळ १६५० ते १७२५ असा ठरवला. ग्रंथावरून वनस्पतीची तारीख काढता येते, तशी वनस्पतीवरून ग्रंथाचीही काढता येते. धोका असा की दोन्ही एकदम केले तर माणूस स्वतःच्याच शेपटीमागे फिरू लागतो. ज्या ग्रंथाची तारीख तंबाखूवरून ठरवली, तोच ग्रंथ तंबाखूच्या इतिहासाचा स्वतंत्र पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. दोन्ही बाजूंना वेगळा आधार लागतो आणि तो आधार म्हणजे तारीखवार पोथी. म्हणूनच ते शेवटच्या पानाला इतके जपत.

नथीवरील त्यांचा लेख १९३९ च्या आसपासचा. नथ म्हणजे मराठी सौभाग्याची खूण. तिला परकी म्हणणे आजही अनेकांना रुचणार नाही. प्राचीन संस्कृत साहित्यात आणि कोशांत कानातल्या, गळ्यातल्या, कमरेच्या, पायातल्या दागिन्यांची रेलचेल आहे, नाकातल्या दागिन्याला मात्र शब्द नाही. इसवी सन १००० च्या सुमारानंतरच नासाभूषणाचे उल्लेख मिळू लागतात. गोडे यांनी एवढे पुराव्यासह मांडले. अ. स. अळतेकर यांच्यासारख्या इतिहासकारांचे मतही त्याच दिशेचे होते. अशा लेखावरून आज केवढे वादळ उठेल, याची कल्पना वाचकांनी करावी. त्या काळी तो संस्थेच्या नियतकालिकात छापून आला आणि विद्वानांनी त्यात भर घालणारे उल्लेख शोधण्यास सुरुवात केली.

दिवाळीच्या आतषबाजीचेही तेच. तिच्या इतिहासावरील त्यांची पुस्तिका १९५३ साली बंगळूरहून प्रसिद्ध झाली. ओरिसाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या ‘कौतुकचिंतामणि’ या ग्रंथात शोभेच्या दारूची कृती आहे. प्रतापरुद्राची कारकीर्द १४९७ पासूनची. दारूच्या भाषेतील घटक पाहता ही विद्या चीनकडून आलेली. विजयनगरला १४४३ साली आलेल्या अब्दुर रझाक या वकिलानेही तेथील आतषबाजी पाहिली होती.

नावात दडलेला चकवा

पिकांच्या इतिहासात सर्वांत मोठा चकवा नावांचा असतो. नवी वनस्पती आली की लोक तिला एखाद्या जुन्या ओळखीच्या वनस्पतीचे नाव देतात. संस्कृतातील मरिच म्हणजे काळी मिरी. अमेरिकेतून आलेल्या तिखट शेंगेला तिच्याच नावावरून मिरची म्हटले गेले. संस्कृतातील आलुक हा कंद बटाटा नव्हे, तो कोनफळ-सुरणाच्या गोतावळ्यातला. पण उत्तर भारतात बटाट्याने आलू हे नाव घेतले आणि जुन्या ग्रंथांत बटाटा असल्याचा भास निर्माण झाला. टोमॅटोला वेलवांगी म्हणणाऱ्या मराठी माणसाने हाच प्रकार केला. वांगे येथले फार जुने, तेव्हा त्याच्या नावाशी जोडलेले फळही जुनेच वाटणार. एकादशीचे ताट या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, ज्यापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो कंद आणि राजगिऱ्याची मुख्य वाणेही अमेरिकेतून आलेली. उपासाला चालणारे सारे सनातन असते, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी या ताटाकडे जरा सावकाश पाहावे.

गोडे यांनी ज्वारी आणि मका यांवर लिहिताना हा नावांचा गुंता उलगडण्याचा प्रयत्न केला. ज्वारीला संस्कृतात यावनाल म्हणतात. हा शब्द कोणकोणत्या वैद्यकग्रंथांत, कोशांत आणि धर्मग्रंथांत केव्हा येतो, याची त्यांनी क्रमवार मांडणी केली. आज पुरातत्त्वाने या कथेला मोठी पुस्ती जोडली आहे. ज्वारी आफ्रिकेतील सुदानच्या परिसरात लागवडीखाली आली आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात पोहोचली, असे जळालेल्या दाण्यांवरून दिसते. सोलापूरकडची मालदांडी, जिच्यातून मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड करून एम ३५-१ हे वाण तयार झाले, ती या अर्थाने चार हजार वर्षांच्या मुक्कामानंतर घरची झालेली पाहुणी आहे. पोथ्यांच्या आधारे एवढे मागे जाणे गोडे यांना शक्य नव्हते.

मक्याचा वाद तर त्यांच्यानंतरही शमला नाही. १२६८ साली बांधल्या गेलेल्या कर्नाटकातील सोमनाथपूरच्या होयसळ मंदिरातील मूर्तींच्या हातांत मक्याची कणसे आहेत, असा दावा १९८९ साली दोन अमेरिकी संशोधकांनी केला. कोलंबसाच्या आधी मका भारतात होता, हे ऐकण्यास अनेकांचे कान उत्सुक होते. भारतीय मका-तज्ज्ञांनी मात्र ते कणीस नसून मोत्यांनी मढवलेले काल्पनिक फळ असावे, असे सांगितले. दगडातील आकृतीला पोथीसारखी पुष्पिका नसते. मंदिराचे साल कळते, पण शिल्पकाराच्या मनातली वस्तू कळत नाही. गोडे यांनी १५०० ते १९०० या काळातील मक्याचे लिखित उल्लेख जमवले, ते अशा वादांत आजही कामास येतात.

ज्यांना गावरान टोमॅटोचे मूळ शोधायचे आहे, त्यांनाही याच वाटेने जावे लागते. अमेरिकेत जुन्या, घराण्यात जपलेल्या टोमॅटोंचा मोठा पंथ आहे आणि जवळपास प्रत्येक वाणामागे आजोबांची एक कथा आहे. तेथील अभ्यासक त्या कथा बाजूला ठेवून एकोणिसाव्या शतकातील बियाणे विक्रेत्यांच्या सूची चाळतात. लिव्हिंगस्टन यांच्या पॅरॅगॉन वाणाचे साल १८७० असे निश्चित सांगता येते. ब्रँडीवाइन हे नाव फिलाडेल्फियाच्या एका कंपनीच्या १८८९ च्या सूचीत आहे. पण आज त्या नावाने विकला जाणारा गुलाबी टोमॅटो तोच आहे काय, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. नाव टिकते, वस्तू बदलते. जिलबी, यावनाल आणि मिरची यांच्या पाठीमागे हिंडलेल्या गोडे यांना यात काही नवे वाटले नसते.

त्यांच्या पद्धतीला मर्यादा होत्या आणि त्या लहान नव्हत्या. त्यांचे लेख वाचणे कष्टाचे आहे. उल्लेखांमागून उल्लेख येतात, त्यांना क्रमांक असतात, शेवटी निष्कर्ष चार ओळींत उरकलेला असतो. सलग, मोठा, सर्वांना वाचता येईल असा ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. शेकडो टिपणे लिहिली, तीही इंग्रजीत आणि देशभरच्या नियतकालिकांत विखुरलेली. ज्या शेतकऱ्याने मका प्रथम पेरला, ज्या बाईने वालाचे बी राखेत घोळून मडक्यात जपले, ती माणसे संस्कृत पोथ्यांत येत नाहीत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. त्यांच्यासारख्या स्त्रियांकडील ज्ञानाला पुष्पिका नसते. शिवाय ग्रंथात उल्लेख नाही म्हणून वस्तू नव्हतीच, असे म्हणता येत नाही. पंडितांना गरिबाच्या भाकरीबद्दल लिहिण्याची गरज वाटली नसेल. गोडे यांना ही अडचण ठाऊक असावी. अन्यथा त्यांनी एवढ्या निबंधांना टिपणे म्हटले नसते.

उत्तरायुष्य

स्वतःचे संशोधन बाजूला ठेवून दुसऱ्यांसाठी राबण्यात त्यांची बरीच वर्षे गेली. सु. मं. कत्रे यांच्यासह त्यांनी ‘न्यू इंडियन अँटिक्वरी’ हे नियतकालिक १९३८ पासून चालवले. संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड काम चालू होते, वि. स. सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते आणि ते काम १९६६ साली पूर्ण झाले. त्याच आवारात गोडे यांनी बसवलेल्या सूचींवर पुढच्या पिढ्यांतील अभ्यासकांचे चालले. छत्रपती संभाजीराजांच्या दरबारातील हरिकवी ऊर्फ भानुभट्ट, मोगल दरबारातील कवींद्राचार्य सरस्वती अशा अनेक विस्मृत ग्रंथकारांना त्यांनी काळाच्या नकाशावर जागा मिळवून दिली.

सत्तरीकडे झुकताना त्यांनी आणखी एक अवजड काम अंगावर घेतले. वामन शिवराम आपटे यांचा १८९० सालचा संस्कृत-इंग्रजी कोश वाढवून नव्याने सिद्ध करायचा होता. महाराष्ट्र शब्दकोशाचे एक संपादक चिं. ग. कर्वे यांच्यासह गोडे यांनी तो तीन खंडांत तयार केला. पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने १९५७ ते १९५९ या काळात तो प्रसिद्ध केला. संस्कृतचा विद्यार्थी आजही हा कोश उघडतो. त्याच्या मुखपृष्ठावर मोठे नाव आपट्यांचे असते, आणि ते योग्यच आहे.

विखुरलेले निबंध एकत्र करण्याचे काम अखेरच्या दशकात सुरू झाले. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासाचे तीन खंड १९५३ ते १९५६ या काळात निघाले. १९६० साली त्यांच्या गौरवार्थ देशोदेशींच्या विद्वानांच्या लेखांचा ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. सांस्कृतिक इतिहासावरील निबंधांचा एक खंड १९६० साली आणि दुसरा १९६१ साली प्रसिद्ध झाला. २८ मे १९६१ रोजी गोडे यांचे निधन झाले. त्यानंतर दीड महिन्यांनी, १२ जुलैला, पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला आणि नदीकाठच्या घरांतील किती कागदपत्रे वाहून गेली याची मोजदाद नाही. भांडारकर संस्था टेकडीच्या पायथ्याशी, नदीपासून दूर असल्याने तिच्या पोथ्या सुरक्षित राहिल्या.

पाण्यापासून वाचलेल्या या वास्तूवर ५ जानेवारी २००४ रोजी माणसांचा लोंढा आला. जेम्स लेन यांच्या पुस्तकावरून पेटलेल्या वादात झालेल्या त्या हल्ल्यात ग्रंथ, हस्तलिखिते, छायाचित्रे आणि कपाटांची नासधूस झाली. जमिनीवर विखुरलेली पाने गोळा करून ती कोणत्या पोथीची हे ठरवण्याचे काम कर्मचारी आणि अभ्यासक यांना करावे लागले. पानांची लांबी-रुंदी, दर पानावरील ओळी, आरंभीचे आणि शेवटचे शब्द यांच्या वर्णनात्मक नोंदी असतात त्या अशाच वेळी उपयोगी पडतात. संस्थेतील ऋग्वेदाच्या हस्तलिखितांची नोंद २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाली.

सांस्कृतिक इतिहासाचा तिसरा खंड गोडे यांना पाहता आला नाही. तो त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, १९६९ साली पुण्यात छापून झाला.